शीत

सालमे आली तेव्हा हाप्सालूचा समुद्र गोठलेला होता
आणि माझ्या तळघरात पारा आठावर.
तिनं एक लोकरीचा मोजा काउंटरवर उपडा केला.
आतून रीळ पडलं. वर ना नाव, ना आकडा.
भावाच्या खणात होतं, म्हणाली.

मी विचारलं, वेग किती लावला होता त्यांनी?
ती म्हणाली, एंडेल फेरीबोटीचं इंजिन सांभाळायचा,
मीटर-बिटर नव्हता त्याच्याकडे.
आभाळाकडे बघायचा, एक डोळा बारीक करायचा
आणि चकती फिरवायचा.
तिनंही डोळा बारीक करून दाखवला.
त्यावरून मला काय कळणार?

त्या काळी मिळायच्या त्या फिल्मा:
पासष्ट, एकशेतीस, अडीचशे.
वेळ कमी पडला तर माणसं काचेवरच्या वाफेसारखी,
नीट बघेपर्यंत गेलेली.
वेळ जास्त झाला तर बर्फाची भिंत होते,
काळी (निगेटिव्हमध्ये बर्फ काळाच असतो),
मग तिच्यातून उजेड पलीकडे जात नाही.
अंदाजपंचे दाहोदरसेच करायचं
तर मीही एक डोळा बारीक करून घड्याळ लावलं असतं.

मला हे काम शिकवलं म्हाताऱ्या वोल्देमारनं.
तो म्हणायचा, वीतभर टोक काप, आधी तेवढंच धू.
म्हणजे शितावरून भाताची परीक्षा.
फक्त हे शीत
परत पातेल्यात पडत नाही,
आणि अंधारात कात्रीला कळत नाही
चित्र कुठं संपतं.

हे सगळं सालमेला सांगितलं.
ती कोटाचं एकच बटण काढत राहिली, लावत राहिली.
सुरुवातीचं कापा, म्हणाली शेवटी.
सुरुवातीला सगळेच थोडं फुकट घालवतात.
शेवटचं ठेवा.

दिवा घालवला. कापलं.
नऊ मिनिटं, वीस अंश,
मिनिटागणिक टाकी उलटी, सुलटी,
मग आंबट वास, मग फिक्सर, मग दिवा.

पट्टीवर दीड चित्र होतं.
पहिल्यात धक्का, दोरखंडाचं वेटोळं.
दुसऱ्यात बाई, अर्धी:
एक डोळा, एक कान, हसण्याची सुरुवात.
फार फिकी.
आणखी चार मिनिटं हवी होती तिला.

उरलेलं रीळ मी तेरा मिनिटं ठेवलं.
छान आलं. पिस्टन, पिस्टन, पिस्टन,
बर्फावरून जाणारी मोटार,
एकच कुत्रा पाच वेळा,
आणि ज्यासाठी ती बटणाशी झगडली होती ते शेवटचं,
त्यात काहीच नव्हतं.
झाकण काढायला विसरला असेल, ती म्हणाली,
एवढंच, आणि जरा हसली,
तेव्हा मला कळलं ती अर्धी बाई कोण.

उजेडाच्या टेबलावर मी दोन्ही तुकडे जोडून ठेवले.
कात्री नाकावरून गेली होती.
डावीकडची नऊ मिनिटांची, उजवीकडची तेरा,
इकडे वाफ, तिकडे माणूस,
आणि केस दोन्हीकडे पांढरे,
आत्ता आहेत तसेच.

तिनं खूप वेळ वाकून पाहिलं.
यातली बरोबर कुठली, तिनं विचारलं.
मी म्हणालो, उजवी.
माझ्या धंद्यात उत्तर तेच आहे.
ती डाव्या तुकड्यावर बोट ठेवून म्हणाली,
मला तर मी अशीच आठवते.

छापताना फट बुजवू का, विचारलं.
नको, म्हणाली. पैसे मोजले, एक नाणं कमी निघालं,
ते उद्या आणते म्हणाली. आणलं नाही.

मोजा इथंच विसरली.
तळघर अजून आठावर आहे.
डेव्हलपरच्या बाटलीला मी तो चढवला आहे,
टाच जरा विरलेली,
पण पारा
बराच वेळ विसावर टिकतो.